पांढऱ्या केसांचं नाव

कापसाच्या बोंडात रुईपेक्षा सरकीचं वजन जास्त असतं.

इंझोरीत समुद्र पाहिलेलं कुणीच नव्हतं. मंगरूळपीरच्या दर्ग्यावर चढलेल्या एका चादरीला निळ्या दोऱ्याच्या लाटा होत्या, तेवढाच समुद्र.

उकिरड्यावर टाकलेलं मूल परत विकत घ्यायचं तर किंमत सूपभर कोंडा. घासाघीस करायची नाही.

दोरीवर वाळत घातलेली एक हिरवी लोकरीची टोपी. शेजारी भले मोठे पायमोजे, त्यांच्यापुढं ती अगदीच एवढीशी.

सटवाई कपाळावर कशानं लिहिते, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. बोटानं म्हणतात. काट्यानंही म्हणतात.

माणूस हाक मारताना शेवटचं अक्षर लांबवतो, तेव्हा…


जगदेव, इंद्रभान, उकंडा

पंचफुलाला तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले.

पहिला जगदेव. दीड महिना. दुसरा इंद्रभान, नाव मोठं, पोर लहान, चार महिन्यांत आटोपलं. दोन गेल्यावर तिची सासू प्रयागबाई हिनं पदर खोचला. तिसरा झाला तसा तिनं बाराव्या दिवशी तो उचलला आणि फटफटताना गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारच्या रुपाबाईनं तो सापडल्यासारखा उचलायचा, प्रयागबाईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचा, नाक टोचायचं आणि नाव ठेवायचं उकंडा. म्हणजे सटवाईला वाटतं, हे तर उकिरड्यावरचं, कुणाच्या जिवाचं नव्हे, याच्यावर कशाला नजर टाका. वऱ्हाडात अशानं जगलेले उकंडे गावोगाव होते. काही तर नातवंडांचे आजे झाले होते.

यांचा उकंडा नऊ महिने जगला. रांगायला लागला होता.

मग एकदा दळता दळता पंचफुला म्हणाली, "आत्याबाई, सटवाईले आता उकंडाबी पाठ झाला."

प्रयागबाईनं जात्यात मूठभर ज्वारी टाकली. "पाठ होऊन जाते कुठं. आपल्याच हातून चूक झाली असंन. कोंडा कमी पडला असंन."


पांढरे केस

दसरा झाला की इंझोरीची बरीच माणसं मंगरूळपीरला कापसाच्या जिनात कामाला जायची. पंचफुला सरकी काढणाऱ्या रेच्यावर कापूस घालायची, तिचा नवरा जानराव प्रेसवर रुईच्या गठाणी दाबायचा. जिनाच्या मागं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे कूड लिंपून झोपड्या केलेल्या असत. होळीपर्यंत तेच घर.

जिनात दिवस कळायचा नाही. रेच्यातून रुई निघायची ती निघायचीच, पण तिचा धूर व्हायचा आणि तो सगळीकडं तरंगायचा. बायका एकमेकींना ढगातून हाका मारायच्या. संध्याकाळी भोंगा झाला आणि त्या बाहेर आल्या की सगळ्यांचे केस पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. सोळा वर्षांची पोर आत जायची आणि सत्तर वर्षांची होऊन बाहेर यायची.

"काय वं बुढे, दात हायेत का पडले?"

"दात हायेत, पन नातू ऐकत नाई माया!"

पंचफुलाही हसायची. पण झोपडीत येऊन केस झटकायची वेळ आली की तिचा हात थांबायचा. आपल्या तिन्ही पोरांना असे केस कधी येणार नाहीत, हे तिला रोज त्याच वेळेला नव्यानं कळायचं. मग ती केस झटकायची, आणि रुई खाली पडता पडता पुन्हा वर जायची.

त्या साली ती चौथ्यांदा पोटुशी होती. सातवा लागला होता.


पेटी

त्याच साली जिनाच्या शेटनं नवा बायलर आणला आणि तो बसवायला एक गोरा आला. बैलगाडीतून उतरला तेव्हा सोबत एक लोखंडी पेटी, पेटीवर पांढरी अक्षरं. वाचता येणारा जिनात एक दिवाणजी, त्याला गोऱ्याच्या पेटीत रस नव्हता. लोक त्याला इंजनसाहेब म्हणू लागले. पन्नाशीच्या आतबाहेरचा असेल. त्याचे केस मात्र जिनात पाऊल टाकायच्या आधीच पांढरे होते.

बायलरवर जाळ घालायला मदनसिंग होता. साहेबाची मोडकीतोडकी हिंदी त्यालाच समजायची, म्हणून साहेबाचं जे काही लोकांपर्यंत यायचं ते मदनसिंगच्या तोंडून. एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो म्हणाला, "साहेब म्हनते, मी इंग्रज नाई."

"मंग कोन, मारवाडी हाय का?" कुणीतरी म्हणालं.

"त्याचा मुलूख अलग हाय. आयर्लंड म्हनते. चारी बाजूनं पानी."

"वा रे वा! पांढरा बैल पांढऱ्या बैलाले म्हनते, मी तुया गोठ्यातला नाई."

सगळे हसले. मदनसिंगही हसला, पण पुढं म्हणाला, "नाई बाप्पा, तसं नाई. तिथं लोक ओली जमीन कापतात, विटांसारखी. वाळवतात अन् चुलीत जाळतात."

"जमीन जाळतात?" प्रयागबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अन् गोवऱ्या कायले ठेवल्या देवानं?"

जमीन जाळून तिच्यावर दूध तापवणारी माणसं पंचफुलाच्या डोळ्यांपुढं आली. तिथली सटवाई वेगळी असणार. इथली तिथं कशाला जाईल, चारी बाजूंनी पाणी.

पुसात, पौष महिन्यात, अवकाळी पाऊस झाला. साहेबाच्या खोलीचं छप्पर गळलं, पेटी भिजली. दुसऱ्या दिवशी त्यानं बायलरच्या उबेला दोरी बांधून सगळं वाळत घातलं. सदरे, पायमोजे, एक पुस्तक पान पान सुटं करून. आणि ती हिरवी टोपी. पंचफुला टोपलं डोक्यावर घेऊन दोरीखालून गेली तेव्हा टोपीचा गोंडा तिच्या कपाळाला लागला. साहेबाची लेकरं तिकडं असतील, तिला वाटलं. त्यांच्यासाठी घेतली असेल.

पण टोपी धुऊन धुऊन आटलेली होती.


कुडापलीकडं

चौथा मुलगाच झाला.

पाचवी झाली. पाट्यावर हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद ठेवला, सटवाई येऊन गेली असेल तर गेली. कागद कोरा तो कोराच. प्रयागबाई म्हणाली, "बारावीले उकिरड्यावर. जिनामांगं लय मोठा उकिरडा हाय, इंझोरीच्यापेक्षा मोठा."

"नाई," पंचफुला म्हणाली.

बाळंतीण कधी सासूला नाही म्हणाली नव्हती. प्रयागबाई बघतच राहिली.

"त्या नावानं एक गेला, आत्याबाई. मले असं नाव पायजे, ज्या नावाचं कोनी मेलं नाई."

"असं नाव असते का कुठं?"

"पान्यापल्याड असंन. तिथलं नाव इथल्या सटवाईच्या कानावर गेलंच नसंन. त्या साहेबाले विचारा."

"अवं, तं मंग इंग्रजाचं ठेव! जार्ज ठेव!"

"इंग्रजाची नावं नको. इंग्रज शंभर वरसापासून इथं मरून राह्यले. तिले थे सारे पाठ झाले असंन."

जानराव दाराशी उकिडवा बसून होता. तो म्हणाला, "ठेवा जे ठेवाचं थे. मले हाक मारता आली म्हनजे झालं." म्हणाला आणि उठून प्रेसवर गेला, पण जाता जाता मदनसिंगला सांगून गेला.

बाळंतीण बारा दिवस बाहेर पडत नाही आणि परका पुरुष आत येत नाही. म्हणून मदनसिंग रोज दुपारी कुडाच्या बाहेर येऊन बसायचा आणि पऱ्हाट्यांच्या फटीतून साहेबानं दिलेलं नाव आत सांगायचा. आत अंधार, ओव्याचा धूर, बाळाच्या आंबल्या दुधाचा वास. नाव फटीतून उन्हाच्या पट्टीसारखं यायचं आणि बाजेवर पडायचं.

पहिल्या दिवशी मदनसिंगनं साहेबाचंच बोलणं जसंच्या तसं आणलं:

"म्हने, नाम? मेरे पास नाम बहोत है. जिंदा एक भी नहीं."


सातवा दिवस: पॅट्रिक

"त्याच्या बापाचं नाव. तिकडं घरोघर एक तरी असते म्हने."

"बाप हाय का?"

"गेला."

पंचफुलानं बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं, जसं काही नाव तिथं लागलं असेल तर पुसावं.


आठवा दिवस: डेक्लन

साहेबाचा काका. मासे धरायला जायचा. एक दिवस नाव परत आली, तो नाही.

मदनसिंगनं एवढंच सांगितलं. पण पंचफुलाला ती नाव दुपारभर दिसत राहिली, चादरीवरच्या निळ्या दोऱ्यांवर डुलणारी, आत कुणी नसलेली. तिच्यात तिनं एकदा जगदेवला बसवून पाहिलं. मग घाईनं उचलून घेतलं.


नववा दिवस: मायकल

"हे भाऊ व्हते त्याचे."

"कोनता भाऊ?"

"तिघं." मदनसिंगनं बाहेर खाकरून घेतलं. "म्हंजे असं हाय बाई, पयला मायकल झाला, गेला. मंग दुसरा झाला त्याचंबी नाव मायकलच ठेवलं. थोबी गेला. मंग तिसरा झाला, त्याचं नाव…"

"मदनसिंगभाऊ!"

"मी काय करू, त्याच्या मुलुखात तशीच रीत हाय. मेलेल्याचं नाव मांगच्याले देतात. साहेब म्हनते, नाव वाया जाऊ देत नाईत."

"अन् तिसरा?"

"थो मोठा झाला. अमेरिकेले गेला. मंग कागद नाई आला."

प्रयागबाई शेगडीतले निखारे फुंकत होती. ती म्हणाली, "त्यायच्या सासवायले अक्कल नाई." आणि डोळ्याला पदर लावला. धूर फार झाला होता.

पंचफुलाला रात्रीपर्यंत ती दूरची बाई, त्या तिघांची आई, सोडून जाईना. जळत्या जमिनीपुढं बसलेली, दाराशी येऊन एकच नाव घेऊन हाक मारणारी. हाक एक आणि पोरं तीन. कोणता वळून बघत असेल? आपण आपली तीन नावं तीन मडक्यांसारखी फोडून टाकली, पुन्हा त्यांत पाणी भरलं नाही. तिनं भरलं. तिची छाती केवढी असेल.




दहावा दिवस: ब्रेंडन

एक जुना साधू. कातड्याच्या नावेत बसून तो मरण नसलेला मुलूख शोधायला निघाला.

"सापडला?" पंचफुला बाजेवर उठून बसली. "मदनसिंगभाऊ, सापडला का त्याले?"

"सापडला म्हनते."

"मंग थो मेला नाई!"

मदनसिंग पळत बायलरकडं गेला आणि पळत परत आला. धापा टाकत म्हणाला, "सापडला बाई, पन थो राह्यला नाई तिथं. घराची आठोन आली, वापस आला." थोडा थांबून म्हणाला, "अन् घरी येऊन मेला."

प्रयागबाई एवढी हसली की बाळ जागं झालं. "साधूले घराची आठोन! खरा मानूस व्हता रे बाप्पा."


अकरावा दिवस

नाव आलं नाही.

दुपार टळली. मदनसिंग फटीपाशी आला तो रिकामाच. "साहेब म्हनते, नावं सरली. अन् थो परवा चालला, बायलरचं काम झालं."

प्रयागबाईनं सूप काढलं. कोंडा चाळला, खडे निवडले. या वेळी तिनं सूप काठोकाठ भरलं आणि वर आणखी एक ओंजळ ओतली. कोंडा कमी पडल्याचा बोल तिला लावून घ्यायचा नव्हता. पंचफुला बघत होती. उद्या पहाटे उकिरडा, टोचलेलं नाक, आणि तेच नाव. तिनं मनातल्या मनात त्या नावानं हाक मारून पाहिली. आतून नऊ महिन्यांचा एक रांगत आला.

"आत्याबाई, नका ना."

"मंग काय बिननावाचा ठेवतं? बिननावाचं तं कोनीबी घेऊन जाईन!"

ऊन कुडावरून उतरलं. भोंगा झाला. बायका पांढऱ्या होऊन घरोघर गेल्या. आणि उजेड पार जायच्या आत फटीपाशी पुन्हा खाकरल्याचा आवाज आला.

"बाई. फिनबार."

"काय?"

"फिनबार. साहेब मघापासून पेटीवर बसून व्हता. काई बोलेचना. मंग म्हने, एक है."

"मतलब काय त्याचा?"

"त्यायच्या जुन्या बोलीत, पांढऱ्या केसांचा."

पंचफुलानं वर बघितलं. झोपडीच्या छपरातून, कुठून कोण जाणे, रुईचा एक कण खाली येत होता. त्याला घाई नव्हती.

"कोन मेलं त्या नावाचं?" तिनं विचारलं.

बाहेर बराच वेळ आवाज नाही.

"कोनी नाई," मदनसिंग म्हणाला. "साहेब म्हनते, थो मीच. मायंच नाव. मी तं जिता हाय तुयापुढं."


बारावा दिवस

बायलरच्या आवारात पाट मांडला. उकिरडा नाही म्हटल्यावर प्रयागबाईनं निदान रीत तरी सोडली नाही: बाळ साहेबाच्या ओटीत टाकायचं, त्यानं नाव द्यायचं, मग सूपभर कोंडा देऊन बाळ विकत घ्यायचं. मधे कुणी हसायचं नाही. आवारातले सगळे हसत होते.

"साहेबाले ओटी कुठं हाय? पतलून घातली त्यानं!"

साहेबानं टोपी काढली, कोट काढला, कोटाचीच झोळी केली. प्रयागबाईनं बाळ त्यात ठेवलं. आत रेचे चालू होते. दारातून रुईचा धूर येत होता, सगळ्यांच्या खांद्यावर बसत होता. बाळाच्या टाळूवर बसला. बारा दिवसांच्या पोराला पांढरे केस आले.

पंचफुला पहिल्यांदाच साहेबाला इतक्या जवळून बघत होती. त्यानं मूल धरलं होतं ते शिकावं लागत नाही अशा पद्धतीनं, मानेखाली पंजा, कोपरात डोकं. आणि तो बाळाकडं बघत नव्हता. दूर बघत होता, जिनाच्या फाटकाच्याही पलीकडं.

"साहेब, कानात सांगायचं," मदनसिंगनं समजावलं. "कान में. धीरे से."

पण साहेबानं कानात सांगितलं नाही. त्यानं हाक मारली.

"फिनबाऽऽर."

मोठी नव्हती हाक. दिवे लागायच्या वेळेला दारात उभं राहून अंगणापलीकडं मारावी तशी. शेवटचं अक्षर लांबलेलं आणि मग थोडं खाली आलेलं, कारण आता तो येईल, येतच असेल. मारून साहेब थांबला. कुणी आलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि मग बाळाकडं बघितलं.

आवारातले टाळ्या वाजवत होते. प्रयागबाई सूप पुढं करत होती. पंचफुला जागच्या जागी उभी होती.

स्वतःच्या नावाला कुणी अशी हाक मारत नाही.

तिला सगळं कळलं. हिरवी टोपी कळली, टोपी आटलेली का ते कळलं, मदनसिंग काल बाहेर एवढा वेळ गप्प का होता ते कळलं. तिनं न मेलेलं नाव मागितलं होतं आणि साहेबानं मेलेलं दिलं होतं. पेटीच्या तळाशी ठेवलेलं, इतकी वर्षं कुणाला न दाखवलेलं. अजून वेळ होता. तिनं नुसतं "आत्याबाई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. प्रयागबाईनं बाळ तसंच उचलून उकिरड्याकडं धाव घेतली असती.

पंचफुला त्या नाव न फोडणाऱ्या बाईकडं बघत होती, पाण्यापलीकडच्या, दारात उभ्या असलेल्या.

"द्या," ती म्हणाली. "कोंडा द्या त्यायले. पोरगं घ्या."

साहेबानं सूप घेतलं. कोंड्याचं काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं एक मूठ भरून कोटाच्या खिशात घातली.

"कोंडा खाते का रे साहेब?" कुणीतरी ओरडलं, आणि आवारात पुन्हा हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली गेली. मदनसिंग कुडापाशी आला आणि त्यानं फटीतून एक हिरवी गुंडाळी आत सरकवली. "साहेबानं देल्ली. म्हने, अभी नहीं. तीन साल."

"मदनसिंगभाऊ," पंचफुला आतून म्हणाली, "साहेबाचं नाव काय?"

मदनसिंग फटीपलीकडं खाकरला.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "आत्याबाईले सांगू नका."


टोपी

तीन वर्षं म्हणजे फार. पंचफुलाच्या घरी तेवढं कुणी पोचलं नव्हतं. तिनं टोपी कडुनिंबाच्या पाल्यात बांधून ठेवली. मधून मधून काढून ती टोपीत मूठ घालायची आणि मुठीवर टोपी फिरवून बघायची.

पोराला इंझोरीत फिनबारच म्हणायचे. जानराव ठरल्याप्रमाणं हाक मारायचा, त्याला काही जड गेलं नाही.

मग ती दिवाळी आली, मानमोडीच्या तापाची, त्या मोठ्या साथीची. घरातली माणसं एका ओळीत झोपली. मदनसिंग गेला. रुपाबाई गेली. भर दुपारी गावात कुत्र्याशिवाय काही हलत नव्हतं. प्रयागबाई चौथ्या दिवशी गेली. जाण्याआधी डोळे उघडून म्हणाली, "त्याले बाहेर जाऊ देऊ नको वं," आणि फिनबारकडं बोट केलं.

फिनबारचं अंग भट्टी झालं होतं. पंचफुलाचंही. तिला उंबऱ्यापाशी पाणी दिसलं. निळं, दोऱ्यांचं, लाटा सावकाश वर यायच्या आणि सावकाश बसायच्या. काठानं तीन वर्षांचा एक पोरगा चालला होता, डोक्यात हिरवी टोपी. त्याच्या मागं मागं तिचा, उघड्या डोक्याचा. पुढचा मागच्याला वाट दाखवत नव्हता; मागचाच त्याच्या पावलांत पावलं टाकत होता, पोरं टाकतात तशी, खेळ म्हणून.

तिनं उंबऱ्याला धरून उभं राहायचं ठरवलं. उभी राहिली की नाही ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. हाक मारली, हे मात्र जानरावनं ऐकलं. त्या घरात तशी हाक त्यानं आधी ऐकली नव्हती.

"फिनबाऽऽर."

शेवटचं अक्षर लांबवलेलं, मग थोडं खाली आलेलं.

नाव एकच, म्हणून दोघांनीही वळून पाहिलं. टोपीवाल्यानं तिच्याकडं नीट बघितलं. ही आपली आई नाही, हे त्याला कळलं. पण हाक ओळखीची होती, म्हणून तो हसला. मग त्यानं दुसऱ्याला पाठीवर हात ठेवून हलकंसं ढकललं, जा, तुला बोलावते आहे.

संध्याकाळी पोरानं पाणी मागितलं.

पुसात त्याला तीन पूर्ण झाली. पंचफुलानं टोपी काढली. बरोबर बसली. तो गोंडा हलवत उन्हात फिरला, कोंबड्यांमागं पळाला, पऱ्हाटीच्या शेतात जाऊन केसभर कापूस भरून आला. चैतात ऊन तापलं तरी टोपी काढायला तयार होईना. पंचफुला त्या महिन्यात त्याला एकटं सोडत नव्हती. कारण विचारलं तर सांगत नव्हती, कारण तिला तरी कुठं नेमकं माहीत होतं.

चैत गेला. वैशाख गेला. पाणी आलं, पीक आलं, दसरा गेला.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी थंडी होती म्हणून तिनं टोपी पुन्हा काढली आणि त्याच्या डोक्यावर ओढली. ती कानांपर्यंत येईना. तिनं जोर लावला. पोर ओरडलं, "माय, दुखते!" तिनं काढली, गोंड्याला धरून ताणली, परत घातली. टोपी वर वर चढून टाळूवर बसली, एखाद्या मोठ्या माणसाच्या डोक्यावर पोराची ठेवावी तशी.

"अवो," तिनं जानरावला हाक मारली. तो बैलाला पेंड घालत होता. "अवो, इकडं या. टोपी लहान झाली."

"मंग दुसरी घेऊ. रडतं कायले?"

"रडून नाई राह्यली मी," पंचफुला म्हणाली. "टोपी लहान झाली."

इंजनसाहेब टॉमसचा मुलगा फिनबार १९०२ च्या एप्रिलमध्ये कामठीला वारला, तेव्हा तो तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. ती टोपी त्यानं एकच हिवाळा घातली होती.